बुधवारचं नाव

आमच्याकडे आधी वार जन्मतो, मग मूल.
मंगळवारचा तो कोमलान, बुधवारचा मी कोकू.
मध्ये चार वर्षं आणि एक बहीण,
जिचं नाव आई घेत नाही.

एजंट आला तेव्हा कोमलान बावीसचा होता.
आनेहोच्या वाळूत, अनवाणी,
डाव्या पायाने नारळाच्या दोन झाडांमधून
चेंडू असा काढायचा
की जाळं ओढणारे कोळी दोर सोडून उभे राहत.
एजंटने पाय बघितले, मग दात बघितले,
म्हणाला, चार वर्षं उशीर झाला.

चार वर्षं माझ्याकडे होती.
पत्र्याच्या पेटीत, आईच्या लग्नातल्या कापडाखाली,
घडीवर फाटत आलेला जन्मदाखला.
बापाने तो मला न विचारता काढला.
विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.
अठरा वर्षांच्या पोराला काय ठाऊक
नाव कुठे कुठे लागतं.

बेल्जियमहून त्याचा पहिला फोन:
इथे मैदान खालून तापवतात, कोकू,
गवताला थंडी वाजू नये म्हणून.
मग बराच वेळ नुसता श्वास.
माझ्या खोलीत मी मोजे तीन घालतो.

आणि त्या शनिवारी त्याने गोल केला.
मी पेट्रोल पंपापाशी मोटारसायकल लावून
गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बघत होतो.
आठ हजार गोरी तोंडं एकदम उघडली:
कोकू! कोकू!
मी मागे वळून बघितलं,
कुणी हाक मारली म्हणून.

लोक पायगुण म्हणतात. आमच्या घरात नावगुण होता.
विहिरीवर पंप बसला,
आईच्या मासे धुरवायच्या भट्टीवर पत्रा चढला,
बापाचं थडगं सिमेंटचं झालं.
पैशाला वार नसतो.

फक्त मी लायसन काढायला गेलो तेव्हा
कारकुनाने चष्म्यावरून बघितलं:
कोकू अमेगान युरोपात आहे,
टीव्हीवर बघतो आम्ही. तू कोण?
त्याचा भाऊ, म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
पुढे माझ्या मुलीच्या दाखल्यावर
बापाची जागा तशीच राहिली,
पेनाची एक आडवी रेघ.

फेब्रुवारीत संघ टाळ्या वाजवायचा,
माझ्या वाढदिवसाला तो केक कापायचा.
नोव्हेंबरात आई फोन करायची,
भिंतींना कान असल्यासारखी, हळू:
कोमलान, आज आलास तू.
वर्षातून एकदा तो स्वतःच्या वयाचा व्हायचा,
क्रेडिट संपेपर्यंत.

डेन्मार्कमध्ये डॉक्टरने गुडघ्याचा फोटो दिव्यापुढे धरला.
सव्वीसचा माणूस, म्हणाला, आणि तिशीचा गुडघा.
आमच्याकडचे रस्ते खराब आहेत,
कोमलानने सांगितलं, आणि दोघंही हसले.
मग स्लोव्हाकिया. मग स्लोव्हाकियातलं आणखी लहान गाव.
मग बदली खेळाडूंचा बाक, पायांवर घोंगडी,
नव्वद मिनिटं दुसऱ्याच्या पायांकडे बघणं.
ते मला माहीत होतं. मी नऊ वर्षं तेच केलं.

गेल्या महिन्यात तो परत आला.
जिना चढताना कठड्याला धरतो.
बॅगेतून जर्सी काढून माझ्या मांडीवर ठेवली:
पाठीवर माझं नाव, काखेत त्याचा घाम,
दहा वेळा धुऊनही न गेलेला.
तुझं परत घे, म्हणाला.
मी घातली. खांद्यात सैल होती.

संध्याकाळी वाळूवर एक पोरगा वही घेऊन धावत आला.
सही द्या.
कोमलानने पेन घेतलं. पेन कागदावर थांबलं.
पोरगा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या पाठीकडे बघत राहिला.
कुणाचं लिहू? त्याने मला विचारलं.

गुरुवार होता.
आमच्यापैकी कुणाचाच वार नव्हता.