सोमवारचे सोम

नारिनला ऑक्टोबरातच नदीच्या कडा गोठतात.
पण बेकतेमीर चुलीपाशीही कोट काढत नाही.
आई म्हणते, वाढतं वय, लाजतो.

पिठाच्या डब्यातले सोम गेले
तेव्हा तिनं त्याला लाटण्यानं बडवलं.
तो गप्प.
कुठला हात आधी वर घ्यायचा
हे त्याला पाठ होतं.

शाळेत, बॉयलरखोलीमागे, कोळशाच्या ढिगाशी
दर सोमवारी वसुली.
घेणाऱ्यांत आमचाच चुलतभाऊ.

रविवारी रात्री तो झोपत नाही,
भिंतीला पाठ लावून बसतो,
नखं कुरतडतो, रक्त येईतो.

पुढच्या वर्षी मीही त्याच इमारतीत जाणार.
काल त्यानं मला जवळ बसवलं:
वीस मोज्यात ठेव, दहा खिशात.
खिसा रिकामा निघाला
की जास्त मारतात.