पंखा बंद

रेकॉर्डिंगच्या आधी पंखा बंद करावा लागतो.
हे मी पहिल्याच दिवशी शिकले,
आणि वैशाखात रोज नव्यानं शिकते.

भिंतींना अंड्यांचे ट्रे, भुर्जीवाल्या अन्वरकडून मागून आणलेले;
एका खळग्यात अजून टरफल आहे.
माइकला धाकट्या भावाचा काळा लोकरी मोजा.
तो म्हणतो, दुसराही घेऊन जाय,
एका पायात घालून मी काय करू?

नव्वद पॉइंट चार. बारा किलोमीटर.
टेकडीमागच्या खैरीला आम्ही ऐकू जात नाही.
तिथला नथ्थू टेलर सायकलनं नाल्याच्या पुलापर्यंत येतो,
खिशातला रेडिओ कानाला लावून
तुरीचे भाव ऐकतो, परत जातो.
त्याला तूर नाही. शेतही नाही.
कधी विचारलं नाही, कशाला येतो.

आज सकाळचं:
शनिवारी अंगणवाडीत वजनं, शुक्रवारी नाही.
आसोला फाट्यावरची बस बंद, टायर मिळेपर्यंत.
एक शेळी हरवली आहे, उजवा कान चिरलेला,
गळ्यात निळी सुतळी,
नाव घेतलं की पळते, म्हणून नाव सांगत नाही.

आई विचारते, तुले देतात काय तिथं?
च्या देतात.
साखरेचा?
कधी कधी.

मंगळवारी गिरजाबाई कुमरे आल्या,
तेंदूपत्त्यावर चार मिनिटं बोलायला.
बोटं पानांच्या रसानं काळी,
खुर्चीवर बसायला तयार नाहीत, सतरंजीवर बसल्या,
म्हणून मीही, म्हणून माइकही.
पंखा बंद केला.
सत्तर पानाचा पुडा, त्या म्हणाल्या,
आन् मुनशी एक पान फाटकं दिसलं का पुडाच फेकते.
पहाटे तीनला निघतो. अस्वलाले खोकून सांगतो,
बाप्पा, आम्ही आलो.
मी हसले. त्या नाही हसल्या.

आणि मग, मी काहीच विचारलं नसताना,
त्याच आवाजात, पानं मोजावीत तसं,
त्यांनी दुसरंच सांगितलं.

ते मी इथंही लिहिणार नाही.

अकरा मिनिटं. माझ्या हनुवटीवरून घाम
वहीवर पडत होता, त्याचा आवाज येईल की काय
याची मला भीती वाटत होती.

ऐकू येते काय हे? त्यांनी विचारलं.
मी हेडफोन त्यांच्या कानांना लावले.
त्या बघत राहिल्या, ट्रेकडे, टरफलाकडे,
हा माहा आवाज व्हय?
हाव.
माह्या मायसारखा हाय वं.
मग बराच वेळ काही नाही.
मग: पुसून टाक पोरी.
सगळं?
पानाचं राहू दे. बाकीचं पुस.

मशीन एकदा विचारतं, नक्की?
मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्या पदरानं मान पुसत होत्या.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
श्वास कापायचे, खोकले कापायचे, शांतता कापायची,
ऐकणारा पळून जातो.
मी सगळं कापलं. एक श्वास राहू दिला,
'फेकते' आणि 'पहाटे तीनला' यांच्या मधे,
जिथं आता सांधा आहे.
तो सांधा फक्त मला माहीत,
असं मला वाटत होतं.

दाराशी चपला घालताना त्या म्हणाल्या,
आता लाव पंखा, किती उकडून ऱ्हायलं.
लावला. लाईट गेलेली होती.

बुधवारी लागलं. चार मिनिटं, वर थोडं.
गुरुवारी मी बॅटरी आणायला निघाले
तर पुलावर नथ्थू टेलर,
सायकल कठड्याला टेकवून.
ते बाई, म्हणाला, पानवाली,
मधात कायले थांबली?

लाईट गेली असन, म्हटलं.

त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून
कळलं नाही.
मग म्हणाला, ते शेळी सापडली ना.
कुठं?
आमच्या खैरीले.