केस

मंगळवार पेठेत आमच्या दुकानावर पाटी होती:
बॅनर, नंबरप्लेट, लग्नाचे पडदे, सर्व प्रकारची कामे.
त्या सर्व प्रकारांत एके दिवशी टेलिव्हिजन आला.

शिक्षणचित्र केंद्राचे साहेब स्कूटरवरून उतरले, म्हणाले,
धडा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर काहीतरी पाहिजे,
आठ सेकंद, आमची ओळख पटेल असं.
अण्णांनी विचारलं, किती फुटी?

समितीला समई हवी होती. आणि उघडं पुस्तक.
आणि उगवता सूर्य.
एका सदस्यांना कडेला ऊसही चालला असता.
अण्णा सगळ्याला हो म्हणाले,
आणि घरी येऊन काळ्या पुठ्ठ्यावर
एक पांढरा ठिपका दिला.

ठिपक्याची रेघ झाली, रेघ वळली,
साठाव्या पुठ्ठ्यावर अख्खा अ.
मी नववीत. गच्चीवर पुठ्ठे वाळत घालायचे,
उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड.
केंद्रात कॅमेरा छताला उलटा टांगलेला,
त्याच्याखाली एकेक पुठ्ठा सरकवताना
श्वास सोडायचा नाही, एवढंच माझं काम.

शेवटच्या पुठ्ठ्यावर,
जो तीन सेकंद तसाच राहणार होता,
ब्रशचा एक केस चिकटला होता,
अ च्या पोटाखाली, ओल्या रंगात.
आम्हाला दिसला तो सणगरांच्या टीव्हीवर,
चहाचा कप हातात असताना.
अण्णा कप तसाच ठेवून उठले.

साहेब म्हणाले, फिल्म मुंबईला गेली हो,
केसाएवढी चूक, कोण बघतंय!

नऊ वर्षं.
रोज साडेदहाला अण्णा दुकानात
भिंतीकडे तोंड करून डबे लावायचे.

मग पुण्याहून कॉम्प्युटरचं आलं:
पृथ्वी गरगरते, चंदेरी अक्षरं लांबून धावत येतात
आणि ऐनवेळी थांबतात.
अण्णांनी दोनदा पाहिलं.
छान आहे, म्हणाले. केस नाही.

आता केंद्र नाही. त्या जागेत फरशीचं दुकान.
आता कुठलंही चॅनल लावा, कोपऱ्यात फिकट खूण
दिवसभर बसलेली,
चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.

अण्णा गेले त्या वर्षी
आईच्या नावावर कलावंत मानधन करायला
मी जिल्हा परिषदेत गेलो. तिसरी खिडकी.
आत छाया पडवळ नावाच्या बाई,
पंचेचाळिशीच्या, बोटाला शाई.
त्यांनी पावतीवर लिहिलं, अर्जदाराचे नाव,
आणि अ च्या पोटाखाली
एक बारीक तिरकी रेघ ओढली.

मी म्हटलं, हे काय?
काय?
अ ला, हे खाली.
त्यांनी पेन थांबवलं, अक्षराकडे बघितलं,
मग माझ्याकडे, गावंढ्याकडे बघावं तसं.
"असाच असतोय की ओ अ.
आमच्या शाळेत टीव्हीवर दाखवायचे."

गगनबावड्याच्या वरची कुठलीशी वाडी.
मास्तर आठवड्यातनं दोनदा यायचे, म्हणाल्या,
आणि लाईट जायची ती नेमकी
धडा सुरू झाला की.

मागून कुणीतरी म्हणालं, पुढं सरका.

बाहेर जिन्यात उभं राहून
पावतीची घडी घालायच्या आधी
मी नखानं तो केस
काढून बघितला.
निघाला नाही.