गुरुवार, साडेचार

चार ते सात कुकर लावायचा नाही,
हा आमच्या घरातला पहिला नियम.
शिट्टी झाली की आतल्या खोलीत
कुणाचं तरी वाक्य तुटतं, आई म्हणते,
आणि ते पुढच्या आठवड्यापर्यंत सापडत नाही.
म्हणून आमचं वरण दुपारीच शिजतं,
रात्री कोमट.

चरईतला दुसरा मजला.
हॉलमध्ये बाबांचं टेबल, वही,
दोन बॉलपेनं, त्यातलं एक चालणारं.
आतल्या खोलीत आई.
गॅलरीत कुंदाआत्या श्वास शिकवते,
आणि श्वासही जड झालेला कुणी आला
तर त्याला मेथी निवडायला बसवते.
"हात रिकामे की डोकं भरतं," हे तिचं शास्त्र.
आईने त्यासाठी दोन जाड पुस्तकं उघडून पाहिली
आणि मग जुड्या आणायला मला पाठवलं.

पाटीवर नुसतं आडनाव. टिपणीस.
सोसायटीच्या सभेत चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले होते,
"लिफ्टमध्ये कुणाला काही करणार नाहीत ना हे लोक?"
तेच काका मार्चमध्ये एका संध्याकाळी
जिना उतरून आले,
चपला हातात घेऊन,
दाराबाहेर दिसू नयेत म्हणून.
बाबांनी त्यांचं नाव लिहिलं नाही,
वहीत एक टिंब दिलं
आणि विचारलं, "पाणी?"

दुसरा नियम : बाहेर ओळख दाखवायची नाही.
जांभळी नाक्यावर, लग्नात, बँकेच्या रांगेत,
काल आपल्या सोफ्यावर रडलेलं माणूस समोर आलं
तर भेंडी बघावी, मोडते का कट्‌कन.
ते आधी हसलंच, तर हसावं.
त्याच्याइतकंच.

आठवीत असताना भूगोलाच्या बाई
चार महिने येत होत्या आमच्याकडे.
वर्गात त्यांनी मला उभं केलं,
उल्हास नदीचा उगम कुठे?
मला येत होतं.
मी नाशिक म्हणाले,
त्यांना नेहमीसारखं रागावता यावं म्हणून.

बाबा वागळे इस्टेटमध्ये होते, अठ्ठावीस वर्षं,
कंपनीला कुलूप लागेपर्यंत.
"तात्पुरतं बसतो," म्हणून टेबलाशी बसले
त्याला अकरा वर्षं झाली.

गेल्या श्रावणात हिशेबासाठी वही चाळताना
गुरुवार, साडेचारसमोर
त्यांच्याच तिरक्या अक्षरात दिसलं :
य. द. टिपणीस. फी बाकी.
वर एक रेघ मारलेली,
खाली दुसऱ्या कुणाचं नाव.
मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं.
सहा गुरुवार त्यांनी स्वतःला वेळ दिली होती
आणि सहाही वेळा
जास्त घाईच्या माणसाला देऊन टाकली होती.

आईला दाखवलं.
ती त्या अक्षरावर बोट ठेवून बसली,
जशी ती कुणाच्या खांद्यावर कधीच ठेवत नाही.
तिसरा नियम मला तेव्हा कळला :
आपल्या माणसाची नाडी आपण बघायची नाही.
तिने ऐरोलीच्या एका बाईंचा नंबर
चिठ्ठीवर लिहिला, वहीत सरकवला.
तीस वर्षं लोकांना शब्द काढून देणारी बाई
दारात उभ्या नवऱ्यासाठी शब्द शोधत राहिली,
आणि म्हणाली,
"छत्री न्या."

आता गुरुवारी टेबलाशी मी असते.
बाबा तीनच्या बसने जातात, सातला येतात.
कुणी काही विचारत नाही.
आत्या सुद्धा नाही, म्हणजे बघा.

परवा मी लवकर सुटले.
तलावपाळीच्या कठड्यावर
एक माणूस पाण्याकडे तोंड करून बसला होता,
डोळे लाल, शर्टाची इस्त्री नीट,
मांडीवर शेंगदाण्यांची पुडी.
मी बदकांच्या होडीकडे बघितलं.
फुगेवाल्याकडे.
बघण्यासारखं अजून काय काय असतं तिथे, ते सगळं बघितलं.

मग तो आधी हसला.
थोडंसं.
मीही तेवढंच.
त्याने पुडी पुढे केली,
दाणे अजून गरम होते.