अंदाजे वजन

बेड चार. आदगोंडा मगदूम, वय एकसष्ट.
वजनाच्या रकान्यात कुणीतरी शिसपेन्सिलीनं
नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं.

मिरजेच्या या आयसीयूत खाटेसकट तोलणारा काटा नाही
आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला विचारता येत नाही,
दादा, किती भरता?
मी दंडाला टेप लावते, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजते,
सूत्रात घालते. चौसष्ट.
त्यात सुजेचं पाणी किती आणि माणूस किती
हे सूत्राला ठाऊक नसतं.

बाहेर बाकावर त्रिशलाक्का.
"चाळीस वर्सं सांगलीच्या यार्डात तोलणार हुते ह्ये.
कुण्या कुण्या गावची हळद ह्यांच्या काट्यावरनं गेली.
सोता कवा चढलं न्हाईत बगा."
शेजारी एक हमाल, नखं पिवळी.
काचेतून आत बघून म्हणाला, "बासष्ट.
आलं तवा अडुसष्ट आसतील."
मी चौसष्ट खोडून त्रेसष्ट लिहिलं.

त्रेसष्ट गुणिले पंचवीस.
पंधराशे पंचाहत्तर कॅलरी, ब्याऐंशी ग्रॅम प्रथिनं,
हे कागदावर.
नाकातल्या नळीतून तासाला वीस मिली.
अक्कांनी पंपाकडं पाहिलं, थेंब मोजले.
"एवढंच? चिमणीला घालतायसा का काय?"

मी फॉस्फरसचं सांगू लागले,
रक्तदाब उचलून धरणाऱ्या औषधाचं,
उपाशी शरीरावर एकदम भार टाकला
की आत काय काय कोसळतं त्याचं.
त्यांनी मधेच हात वर केला.
"दहा दिसांचा उपास केलाय मी. दोनदा.
पारण्याला आदी मुगाचं पाणी, वाटीभर बी न्हाई.
एकदम ताटावर बसला त्यो आडवा झाला. हेच न्हवं?"
हेच, अक्का.
नव्या डॉक्टरला हेच सांगायला मला दोन दिवस लागले होते.

मग सहाच्या सुमारास त्या काचेशी आल्या.
"दिवस मावळला की बंद करतायसा न्हवं?
पंचवीस वर्सं झाली, रातचं पाणी बी..."
पुढचं बोलल्या नाहीत.

सीटीला नेलं तेव्हा चार तास बंद.
नळी सरकली, एक्स-रे येईपर्यंत पाच.
परवा उलटी, मग सहा.
आत्ताच चार हजार कॅलरींची थकबाकी.
दिवसाच दुप्पट सोडावं, तर पोट घेत नाही,
तेही करून पाहिलंय.
हे सगळं मी मनात मांडलं, आणि
झोपवून ठेवलेल्या माणसाचा नियम
कुणी मोडायचा, हे मात्र कुठल्या बाजूला मांडू?

"चालू ठेवावं लागेल," म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मग,
"तुमच्या कागदावर ह्ये कशात लिवलंय?"
आहारात.
"औषधात लिवा."

सिस्टर एस्तेरनं चष्म्यावरून पाहिलं.
ऑडिटवाल्यांना काय सांगायचं, मॅडम?
मी औषधांच्या तक्त्यात शेवटची ओळ ओढली,
फीड, तीस मिली, दर तासाला, रात्रंदिवस.
तिनं पुढं सही केली,
उशाकडचा भाग तीस अंशांवर आहे ना ते पाहिलं,
आणि बेड पाचकडं गेली.

निघताना बाकाखाली त्यांचा डबा दिसला. न उघडलेला.
बाहेर दिवे लागलेले.
म्हणजे आता उद्या सकाळीच.
इतक्या आकड्यांत मला एकदाही सुचलं नाही
विचारायचं, अक्का, तुम्ही जेवलात का?

आज नववा दिवस. दंडाला पुन्हा टेप.
दीड सेंटिमीटर कमी.
पूर्ण मात्रा जाते तरी मांस झडतं,
आजार आपली घट आधी कापून घेतो
आणि उरलेल्याची पट्टी आपल्या हातात देतो.
मी तळवा सरळ करून पांघरुणात ठेवला.
घट्ट्यांच्या भेगांत हळद अजून आहे.
रकान्यात अजून तेच.
त्रेसष्ट. अंदाजे.