फिरती खुर्ची

लढाई संपून बारा वर्षं झाली होती,
गोरे साहेब कधीचेच बोटीत बसले होते,
त्यांची खुर्ची मात्र भुसावळच्या रेल्वे क्लबात
लिलावाची वाट पाहत राहिली होती.
बापानं ती बावीस रुपयांना घेतली.
केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाडीतून
निंभोरा स्टेशनापासून पाय वर करून आली.
"झिपऱ्या, आता तू बसशील का हिच्यात?"
बाप हसला. तो कधीच बसला नाही.

केळी तेव्हा दिल्लीला जायला लागली होती.
विहिरींवर तेलाची इंजिनं रात्रभर टुकटुकायची,
म्हाताऱ्यांना झोप नाही,
पोरांच्या मनगटावर घड्याळं,
कपाळावर सिनेमातला कोंबडा.
कोंबड्याला धोकटी पुरत नाही, आरसा लागतो.
बापानं धोकटी खुंटीला टांगली,
खळ्यावरची ज्वारी सोडली,
पाटी रंगवून घेतली : केस सहा आणे, दाढी दोन.
"आण्यांची भाकरी थापू का?" आई म्हणाली,
आणि पुढं वर्षभर मागच्या दारानं
चौधऱ्यांच्या बाळंतिणींना न्हाऊ घालत राहिली,
पदराखाली दाणे आणत राहिली.

तोताराम चौधरीनं सांगावा धाडला :
"मी काय तुह्या दारी येऊ?"
बाप गेला नाही.
तीन आठवडे तोताराम दाढी वाढवून फिरला.
लोक विचारायचे, घरात कोण गेलं?
चौथ्या आठवड्यात आला. बसला.
इतकी वर्षं तो ओट्यावर, बाप खाली उकिडवा.
आता बाप उभा होता
आणि दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करत होता.
त्या रात्री बाप दोन भाकरी जास्त जेवला.

मग सुपडू तायडे आला.
स्टेशनावर वॅगनी भरायचा,
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
कुठल्याच साबणानं न जाणारे.
आदल्या साली त्यांच्या वस्तीनं
देव सुकीच्या पाण्यात सोडले होते,
मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं.
चौधऱ्यांचा एक बैल तीन दिवस सडला,
वास दुकानापर्यंत यायचा.
मुठीत आठ आणे. तो सरळ खुर्चीत बसला.
बाकावर पेपर वाचणारा थांबला.
बाप म्हणाला, "वस्तऱ्याले धार नाही."

धार होती.
सकाळी पट्ट्याचं टोक मीच धरलं होतं.

सुपडू आरशातून बापाकडं पाहत राहिला.
आरसा विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं
की त्यात दोघंही दिसतात.
मग त्यानं खुर्ची एकदा सावकाश फिरवली,
बाकाकडं, रस्त्याकडं, पुन्हा आरशाकडं,
आणि उठला. आठ आणे फळीवर ठेवून गेला.
ते बापानं उचलले नाहीत. आईनंही नाहीत,
कळण्याच्या भाकरीवर दिवस निघाले तेव्हाही.
तुरटीच्या खड्याशेजारी ते काळे पडत गेले.

तिसऱ्या वर्षी कात्री माझ्या हातात आली.
भर दुपारी सुपडू रस्त्यानं चालला होता,
मी हाक मारली.
का मारली, अजून सांगता येत नाही.
धिटाई नव्हती. गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच खरं असेल.
बाप उठला,
रस्त्यापलीकडं उन्हात उभा राहून विडी ओढू लागला,
मग दुसरी, मग तिसरी.
माझा हात कापत होता.
डाव्या कानामागं केस जास्तच उडाले.
"किती?" सुपडूनं विचारलं.
मी फळीकडं बोट केलं. "तुमचे जमा हायेत."
तो हसला नाही. निघून गेला.

बाप आत आला, झाडू घेतला.
सकाळचे चौधऱ्यांच्या पोराचे केस तसेच पडले होते,
मी झाडायचं विसरलो होतो.
सगळे एका सुपलीत भरून उंबऱ्यापाशी थांबला.
"डावा कान बिघडवला तू," म्हणाला,
"उद्या बोलाव तेले. मी सारखा करतो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून
बाप पट्ट्यावर वस्तरा ओढत बसला.
सुपडू आला नाही.
त्याच आठवड्यात तो भुसावळला
लोको शेडमध्ये लागल्याचं कळलं.
बाप मात्र रोज सकाळी
इतर गिऱ्हाइकांच्या आधी
वस्तरा अंगठ्यावर लावून पाहायचा.
धार असायची.