तांबडी कुठे, काळी कुठे

स्काइद्रीतेबाईंनी दारातच बजावलं,
बूट काढ, आणि त्याच्या पेट्यांना हळू हात लाव.
पेट्या म्हणजे स्पीकर. कमरेएवढे, दोन,
तोंडावर लोखंडी जाळी, डोक्यावर विणलेले रुमाल,
एका रुमालावर निवडुंगाची कुंडी.
रीगाच्या ज्या कारखान्यात विस्वाल्दिस
बावीस वर्षं अशाच पेट्या जोडायचा
तो कारखाना आता नाही. विस्वाल्दिस नाही.
नातीनं पाठवलेला लॅपटॉप आहे,
आणि लॅपटॉपचा आवाज
डब्यात कोंडलेल्या माशीसारखा.

मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.
पहिल्या दिवशी हेडफोनच्या भोकातून वायर काढली
आणि सरळ अॅम्प्लिफायरला दिली.
गाण्याच्या आधी आली घरघर.
वायर बदलली. घूं.
प्लग उलटा केला. घूं.
शेवटी लॅपटॉपचा चार्जर उपटला,
तर खोली एवढी गप्प झाली
की बाई म्हणाल्या, बिघडवलंस?

दुसऱ्या दिवशी काडेपेटीहून जरा मोठा डबा आणला,
आकड्यांचा नीट आवाज करून देणारा.
बाई, लॅपटॉपमधला आवाज कायम पूर्ण ठेवायचा,
कमीजास्त करायचा तो अॅम्प्लिफायरच्याच बटणानं.
लॅपटॉपनं आपणहून फासलेली लाली-पावडर,
'सिनेमा', 'मैफल', 'दमदार बास',
सगळी पुसून टाकली.
गाणं चव्वेचाळीस हजार शंभरचं,
त्याला अठ्ठेचाळीस हजारांचा सदरा घातलेला,
तोही मापाचा केला.
बाईंनी राईच्या पावावर शहाजिऱ्याचं चीज ठेवून दिलं.
मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं.
गाणारी होती, पण कुठे ते कळेना.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मधे तर नाहीच.
भिंतींना वाफ धरावी तशी खोलीभर,
आणि खर्ज पातळ, पाणी घातलेल्या दुधाचा.

टॉर्च घेऊन कपाटामागे शिरलो.
धूळ, एक हरवलेली विणायची सुई,
आणि उजव्या पेटीच्या पाठीवर
तांबडी तार काळ्या स्क्रूखाली,
काळी तांबड्याखाली.
चुकून निसटलेली नव्हे, छान पिळून, घट्ट आवळून,
वर पट्टी, पट्टीवर पेन्सिलीनं १९८६.
एक पडदा पुढे आला की दुसरा मागे जायचा.
एक हो म्हणे, तेव्हाच दुसरा नाही.
कान सोनारानंच टोचावेत म्हणतात;
सोनाराच्या घरी कोण टोचणार?

कसं सांगावं, म्हणून आधी सुई दिली.
मग सांगितलं.
किती वर्षं?
अडतीस.
बाई हसल्या, चष्मा काढून हसल्या.
"तो म्हणायचा, सोफ्याच्या टोकाला बस,
मधे काही ऐकू येत नाही.
मला वाटायचं, गाणं असंच ऐकतात."
तेव्हा माझं लक्ष गेलं:
सोफ्याची दोन्ही टोकं बसून बसून खोल गेलेली,
मधली गादी अगदी कोरी, हिरवी.

दोन स्क्रू सैल केले, दोन आवळले.
गाणारी आली आणि उभी राहिली,
खिडकी आणि कपाट यांच्या बरोबर मधे.
बाई थोडा वेळ टोकालाच होत्या,
मग सरकल्या.
गादी करकरली.
"एवढी बुटकी होती ही?" म्हणाल्या.

तेव्हापासून संध्याकाळी माझ्या जमिनीतून खर्ज येतो.
चहाच्या कपात चमचा थरथरतो, चालतं.
परवा रविवारी मात्र तो मधेच तुटला.
गाणं चालू, पण पायांना काही लागेना.
खाली धावलो. दार उघडंच.
बाईंच्या एप्रनच्या खिशात स्क्रूड्रायव्हर,
केसांना कपाटामागचं जळमट.
"रविवारी त्याच्या पद्धतीनं," म्हणाल्या,
आणि डाव्या टोकाला जाऊन बसल्या.
मला बस म्हणाल्या नाहीत.